वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली मुले आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील गुणगौरव समारंभात सिन्नर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि तालुक्यातील प्राथमिक शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात आयुष्य वेचले. आज ज्यांचा सत्कार होत आहे त्यांत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविलेली मुले-मुली आहेत. ज्या विद्येचा आम्हांस गंध नाही, त्या विद्येच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही काय बोलावे? परंतु विचारांती ध्यानी आले की, आम्हांला बोलावयाचे आहे ते त्या विद्येविषयी नाहीच. ते आहे ती विद्या शिकणाऱ्यांच्या मनाविषयी, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या आपणा वडीलधाऱ्यांविषयी. त्या बाबतीत आमचा अधिकार एवढाच की, आमच्या हातून एक मोठी चूक घडली आहे. ती आज आम्ही आपणांपुढे सांगणार आहोत.

आपल्या सिन्नरात घरातील मूल डॉक्टर होणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको. कित्येक घरांत आयाबहिणींनी हजारी विड्या वळून मुलांच्या फिया भरल्या. कोणी तालुक्याच्या पूर्व भागातील कोरडवाहू रानावर कर्ज काढले, तर कोणी मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यांत रात्रपाळ्या केल्या. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी जेव्हा पांढरा कोट अंगावर घालते, तेव्हा तो कोट तिच्या एकटीचा राहत नाही. त्यावर साऱ्या घराचा, साऱ्या भावकीचा, किंबहुना साऱ्या ज्ञातीचा हक्क उत्पन्न होतो. यात गैर काही नाही. परंतु त्या कोटाचे वजन किती झाले आहे, हे तो घालणाऱ्याला कोणी विचारीत नाही.

हे वजन कोठून कोठून येते ते थोडे पाहू. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेस २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते आणि एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे जो आत गेला तो वीसजणांतून निवडलेला एक. आपल्या शाळेत तो पहिला होता. तेथे पाहतो तो सगळेच पहिले! साडेचार वर्षांचा अभ्यास, वर्षाची आंतरवासिता, मग पुन्हा प्रवेशपरीक्षा, आणि त्यानंतर तीन वर्षे पदव्युत्तर शिक्षण. या तीन वर्षांत त्यास 'निवासी डॉक्टर' म्हणतात. हा शब्द नीट ध्यानात घ्यावा. जो रुग्णालयातच निवास करतो तो निवासी. ही पद्धत अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी १८८९ साली उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड आदी मंडळींनी घडविली. हॉलस्टेड हे थोर शल्यचिकित्सक होते यात शंका नाही. पण वेदनाशमनाचे प्रयोग स्वतःवर करता करता ते कोकेनच्या व्यसनात सापडले होते, हेही इतिहासात नमूद आहे. ज्यांनी अहोरात्र राबण्याचा दंडक घालून दिला, त्यांस स्वतःसही तो बाह्य आधारावाचून पेलत होता असे कोणी समजू नये.

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. १९९२ सालच्या केंद्रीय निवासी योजनेत सलग १२ तासांहून अधिक व आठवड्यास ४८ तासांहून अधिक काम असू नये, असे सांगितले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत आठवड्याची एक सुटी आणि वर्षाची २० दिवसांची रजा आहे. कागदावर हे सारे आहे. परंतु मोठ्या सरकारी रुग्णालयांत सलग २४ काय, ३६ तास उभे राहणारी मुले आपल्याच घरांतून गेलेली आहेत. त्यांस विचारून पाहावे.

याच आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी एक राष्ट्रीय कृतिदल नेमले होते. त्याचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. पदवीच्या २५ हजारांहून अधिक आणि पदव्युत्तर वर्गाच्या ५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्याच्या प्रश्नावलीस उत्तरे दिली. स्वखुशीने उत्तरे देणाऱ्यांचे हे आकडे आहेत हे खरे. तथापि ते ऐकून स्वस्थ बसवत नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांनी आपणास मानसिक विकाराचे निदान झाल्याचे सांगितले; आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी दर १०० मागे सुमारे ३१ जणांनी जीव देण्याचे विचार मनात आल्याचे कबूल केले. निवासी डॉक्टरांस आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम देऊ नये, एक दिवस सुटी असावी, सात-आठ तास झोप मिळावी, अशा शिफारशी त्या दलाने केल्या. ज्या झोपेचा आग्रह आपण पाचवीतल्या मुलाविषयी धरतो, ती झोप डॉक्टरला मिळावी म्हणून राष्ट्रीय दलास शिफारस करावी लागते, यातच सर्व काही आले.

आणि हा प्रश्न केवळ त्या मुलांपुरता नाही. १९८४ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क येथे लिबी झायन नावाची १८ वर्षांची विद्यार्थिनी ताप घेऊन रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर दीर्घकाळ कामावर होते व त्यांच्याकडे इतरही पुष्कळ रुग्ण सोपविलेले होते. तिचे वडील पत्रकार. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. परिणामी १९८९ साली त्या राज्यात निवासी डॉक्टरांचे काम आठवड्यास ८० तासांवर रोखण्यात आले आणि २००३ मध्ये तोच नियम सर्व अमेरिकेत लागू झाला. न झोपलेल्या डॉक्टरच्या हाती ज्याची नाडी आहे, तो रुग्ण उद्या आपणच असू, एवढा स्वार्थ तरी आपण पाहिला पाहिजे.

आता आमची चूक सांगतो. जो सांगितल्यावाचून हे भाषण पोकळ ठरेल असा हा प्रसंग आहे. ज्याची ही हकीगत आहे त्याची संमती घेतली आहे; नाव मात्र सांगणार नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी, आपल्याच ज्ञातीतला. चौथीत असताना त्याने एकदा जखमी चिमणी खिशात घालून वर्गात आणली होती. तो डॉक्टर होणार हे आम्ही त्याच दिवशी त्याच्या वडिलांस सांगितले होते, आणि तसा तो झालाही. या मंडळाने त्याचा सत्कार केला. हार आम्हीच घातला. पुढे तो दूरच्या शहरी पदव्युत्तर शिक्षणास गेला. एके रात्री अडीचच्या सुमारास त्याचा फोन आला. "गुरुजी, झोपला होतात का?" आम्ही म्हणालो, "अरे, या वेळी काय?" तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "गुरुजी, येथले मला काही जमेनासे झाले आहे. जेवण जात नाही, झोप येत नाही. काही दिवस गावी येऊ का?"

बंधूंनो, आम्ही त्यास दहा मिनिटे उपदेश केला. कष्टावाचून फळ नाही, आईने विड्या वळून शिकविले, साऱ्या ज्ञातीचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत, असे सर्व सांगितले. कळस म्हणजे आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण दिले. ती माउली सातासमुद्रापार जाऊन डॉक्टर झाली, आणि तुला चार तासांच्या अंतरावर राहवत नाही? त्याने सर्व ऐकून घेतले. "बरे, गुरुजी," म्हणाला आणि फोन ठेवला. आम्ही मात्र आपले कर्तव्य बजाविल्याच्या समाधानात पुन्हा निजलो.

आठ दिवसांनी त्याच्या वडिलांस तातडीने बोलावणे आले. त्याच्या खोलीतील सोबती जागरूक निघाला. त्याच्या बोलण्यातील फरक ओळखून त्याने त्या रात्री त्यास एकटे सोडले नाही आणि सकाळी स्वतः मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्या परक्या मुलाने जे ओळखले, ते बाराखडी शिकविणाऱ्या गुरुजीस ओळखता आले नाही.

मुलगा सहा महिने घरी होता. गल्लीत सांगितले, कावीळ झाली आहे. नातलग उसाचा रस घेऊन येत. कोणी काविळीचा पाला आणून देई. त्याची आई तो पाला हात जोडून घेई आणि मागील दारी नेऊन टाकी. मनाच्या आजाराची खरी औषधे मात्र तांदळाच्या डब्यात लपविलेली असत. त्याच सुमारास त्याच्या वडिलांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, वधूवर पुस्तिकेसाठी अर्ज भरायचा आहे. आजाराच्या रकान्यात काय लिहू?" आम्ही त्या समितीवर होतो. आम्ही म्हणालो, "काही लिहू नका." अशा रीतीने एकाच मुलाच्या बाबतीत आम्ही दोनदा चुकलो. प्रथम त्याचे ऐकले नाही, आणि मग ते बोलण्याजोगे नाही असे त्याच्या घरास शिकविले.

तो मुलगा उपचारांनी बरा झाला. शिक्षण पुरे करून आज तो एका ग्रामीण रुग्णालयात काम करतो. मागील दिवाळीत भेटावयास आला असता आम्ही धीर करून त्या रात्रीचा विषय काढला. तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, मी विचारले होते, येऊ का? मला उपदेश नको होता. 'ये' एवढे एकच अक्षर हवे होते."

ज्या मास्तराने जन्मभर अक्षरे शिकविली, त्यास ते एक अक्षर वेळेवर आठवले नाही. आनंदीबाईंचे उदाहरण देताना आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेऊन आलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. तेव्हा त्यांस २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. परदेशातच त्यांची प्रकृती ढासळली होती. वर्षानुवर्षे आम्ही त्यांची गोष्ट केवळ जिद्दीची म्हणून शिकविली. त्या आजारी होत्या, हे एका वाक्यात उरकले.

येथे आणखी एका मुलीचे स्मरण करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. डॉ. पायल तडवी ही जळगाव जिल्ह्यातील, आदिवासी तडवी भिल्ल समाजातील मुलगी. मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात ती स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहात तिने आपले जीवन संपविले. जातीवरून तिचा छळ होत होता अशी तक्रार कुटुंबीयांनी केली आणि तीन ज्येष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा नोंदविला गेला. त्याचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. तिच्या आईने त्याच वर्षी रोहित वेमुलाच्या आईसमवेत सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती अशासाठी की, उच्च शिक्षणाच्या जागी जातीवरून कोणाचीही मानहानी होऊ नये. ज्ञातिबंधूंनो, आपण ज्ञाती हा शब्द येथे अभिमानाने उच्चारतो. तोच शब्द वसतिगृहाच्या एखाद्या खोलीत कोणाच्या तरी अंगावर दगडासारखा पडतो. आपली मुले तेथे सोसणारी असतील तशी उद्या ज्येष्ठ होऊन सोसावयास लावणारीही असतील. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासून कायदा आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयांसाठी २०२१ चे स्वतंत्र नियमही आहेत. परंतु "आपल्याहून धाकट्याचा पाणउतारा करू नकोस, त्याची जात विचारू नकोस," हा कायदा आपल्या घरातच प्रथम लागू झाला पाहिजे.

काही वडीलधारे म्हणतील, आमच्या वेळी कोठे होते हे मनाचे आजार? होते, महाराज, होते. आपण त्यास करणी म्हणत होतो, बाहेरची बाधा म्हणत होतो आणि देवऋष्याकडे नेत होतो. कोणी विचारतील, अशा लाडाने मुले नाजूक होणार नाहीत काय? त्यांस आपल्याच रस्त्यावरील उदाहरण देतो. मुंबईहून शिर्डीस पायी जाणाऱ्या पालख्या आपल्या सिन्नरवरून जातात. पायाला फोड आलेल्या पदयात्रीस आपण "मग निघालास कशाला?" असे विचारीत नाही. सावलीत बसवितो, पाय धुवावयास पाणी देतो, औषध लावतो. तो बसला म्हणून त्याची यात्रा मोडली असे कोणी मानीत नाही. विसावा घेतला म्हणूनच तो शिर्डीस पोहोचतो.

मनाचा आजार हा आजार आहे. सतत खिन्नता, झोप व अन्न तुटणे, आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, आपण निरुपयोगी आहो असे वाटणे, आप्तांचे फोन टाळणे, निरवानिरवीची भाषा येणे, ही त्याची लक्षणे. औषधोपचाराने व समुपदेशनाने तो बहुतांशी आटोक्यात येतो. जीव देण्याचे विचार येतात काय, असे मायेने सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. उलट मन मोकळे होते. अशा वेळी मुलास एकटे ठेवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे आणि त्यास उपचार मिळवून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापिलेली मानसिक आरोग्याची संस्था मराठी माणसांस परिचित आहेच. आणि राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर १९९८ पासून आपल्याच जिल्ह्यात, नाशिकजवळ म्हसरूळ येथे आहे. आपल्या मुलांच्या तासांविषयी, सुटीविषयी व समुपदेशनाविषयी आपल्या मंडळाने तेथे जाऊन निवेदन देणे काही अवघड नाही.

आता मंडळापुढे आमच्या चार विनंत्या आहेत. पहिली, गुणगौरव समारंभात केवळ गुणांची टक्केवारी वाचू नये. सत्कार झालेल्या मुलाचे पुढे कसे चालले आहे, याची वर्षातून दोनदा मायेने चौकशी करणारा एक जाणता मनुष्य प्रत्येकास नेमून द्यावा. दुसरी, वधूवर पुस्तिकेच्या अर्जातील आजाराचा रकाना भीतीचा राहू नये. मधुमेह सांगावा तितक्या सहजपणे मनाचा बरा झालेला आजारही सांगता यावा, आणि तो सांगणाऱ्याचे स्थळ मागे पडणार नाही अशी वृत्ती समितीने ठेवावी. लपवाछपवीने झालेल्या सोयरिकीचे भले होत नाही. तिसरी, ज्ञातीतील ज्येष्ठ डॉक्टरांनी आपल्या निवासी काळातील हाल मर्दुमकी म्हणून न सांगता, तेव्हा आपणही रडलो होतो, हे एकदा तरी मोकळेपणाने सांगावे. चौथी, एखाद्या मुलाने मध्येच शिक्षण थांबविले वा शाखा बदलली, तर त्यास नापास ठरवू नये. जागा सोडणाऱ्यावर लादलेला जबर दंड विद्यार्थ्यांच्या मनावर ताण आणतो, म्हणून तो रद्द करावा, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या जानेवारीत राज्यांस सुचविले होते. सरकारी दंड जाईल तेव्हा जावो. आपल्या गल्लीतला दंड, जो लोकांच्या नजरेतून वसूल होतो, तो तरी आपण आजपासून माफ करू शकतो.

शेवटी विद्यार्थिमित्रांनो, दोन शब्द तुम्हांस. थोड्या वेळाने तुमच्या गळ्यात हार पडतील. त्या हाराचे ऋण मानू नका. ते केवळ आमचे कौतुक आहे. तुम्ही फेडावयाचे कर्ज नव्हे. तुम्ही उद्या शेकडो लोकांस विचाराल, "काय होते आहे?" तोच प्रश्न कधी स्वतःसही विचारा आणि उत्तर कोणास तरी सांगा. शेजारच्या खोलीतील सोबत्याकडे लक्ष असू द्या. आमच्या विद्यार्थ्याचा जीव अशाच एका सोबत्याने वाचविला. आणि कधी रात्री अडीच वाजता गावाकडे फोन करावासा वाटला तर संकोच करू नका.

आईबापांनो, तो फोन आला तर कारण विचारू नका, खर्च सांगू नका, थोरामोठ्यांची उदाहरणे देऊ नका. आधी "ये" म्हणा. बाकीचे बोलणे तो घरी आल्यावर, जेवल्यावर, झोपल्यावर, सावकाश करता येईल.